व्हिसा होता तिला बंदी, बंदी नव्हती त्याला व्हिसा नाही: बेळगावातल्या एका घराचं २०२१ सालचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरातलं, शहापूर, बेळगाव, अमेरिकेनं २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्यांवर प्रवेशबंदी घातली तेव्हाचं. मावशीला विचारूनच लिहितोय आणि नावं कुणाचीच देणार नाही. दादा म्हणजे मावशीचा मुलगा, वहिनी निपाणीच्या, काका म्हणजे मावशीचे मिस्टर, आणि निपाणीच्या काकू म्हणजे वहिनींच्या आई. मी टिळकवाडीत पासपोर्ट, पॅन, व्हिसाचे फॉर्म असली कामं करून देतो त्यामुळं या घरातला जवळपास प्रत्येक कागद माझ्या हातातून गेलाय, आणि म्हणूनच हे सगळं तारखांसकट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बंदी जाहीर झाली की सगळे बंदीची बातमी वाचत बसतात, कुणाला सूट आहे कुणाला नाही हे शोधतात, पण घरं अडकतात ती अपॉइंटमेंटच्या कॅलेंडरमध्ये. सूट कागदावर असते आणि ती वापरायची खिडकी बंद असते. आमच्या घरात हे जितकं उघड दिसलं तितकं मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही.

आधीची स्थिती

दादा बेळगावातच इंजिनिअरिंग करून बेंगळुरूत नोकरीला लागला आणि तिथून २०१७ मध्ये एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत न्यू जर्सीला गेला. थोरली मुलगी बेळगावात जन्मलेली, ती आणि वहिनी एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायको-मुलांच्या व्हिसावर, मागनं गेल्या. धाकटा २०१८ मध्ये तिकडंच झाला म्हणजे जन्मानं अमेरिकन नागरिक. त्या बाळंतपणाला निपाणीच्या काकू गेल्या होत्या, त्यांना तेव्हा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा मिळाला होता, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता एक गणित जे आपल्याकडच्या बऱ्याच आईबापांना माहीतच नसतं. अमेरिकेत राहायची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. कंपनीनं पिटिशन, म्हणजे माणसाला कामावर ठेवायचा तिथल्या सरकारकडचा अर्ज, वाढवून घेतलं की तिथं राहणं, काम करणं सगळं कायदेशीर चालू राहतं, पण पासपोर्टवरचा शिक्का तिथं बसून रिन्यू होत नव्हता, त्यासाठी देशाबाहेर पडून कुठल्यातरी अमेरिकन कॉन्सुलेटकडं जावंच लागायचं. दादाचा शिक्का सप्टेंबर २०२० ला संपला, पिटिशन मात्र २०२३ पर्यंत वाढलेलं. म्हणजे जोवर तिथंच आहे तोवर काही नाही, एकदा विमानात बसून बाहेर पडला की परत आत शिरायला नवीन शिक्का पाहिजे. अशी पुष्कळ माणसं आहेत आपल्या भागातली, खानापूर, येळ्ळूर, वडगाव, निपाणी कुठलीही घ्या, व्यवस्थित नोकरी करतात, टॅक्स भरतात, पण आईवडिलांना बघायला यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

वहिनींची स्थिती अजून नाजूक होती. त्यांचं एच-फोर दादाच्या एच-वन-बीवर टिकलेलं, आणि त्यांचं वर्क परमिट त्या एच-फोरवर. २०२० मध्ये दोन्ही वाढवायला टाकलं होतं पण तेव्हा एच-फोर वाढवणाऱ्यांना बायोमेट्रिक्ससाठी (बोटांचे ठसे, फोटो) बोलवायचे आणि कोविडमुळं ती सेंटरं बंद पडून ढिगारा साठलेला, त्यामुळं अर्ज पेंडिंग, जुनं परमिट संपलेलं आणि हातातली नोकरी गेलेली. अर्ज वेळेत टाकला होता म्हणून राहायला अडचण नव्हती, पण कमवायला होती. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सची तारीखसुद्धा याच कागदांना बांधलेली असते, म्हणजे एक कागद लटकला की नोकरीपासून मुलीला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं लटकतं. हे बंदीच्या आधीचं आहे. बंदी आली ती आधीच असं बारीक धाग्यावर चाललेल्या घरावर आली.

एप्रिल आणि मे

एप्रिल २०२१ मध्ये इकडं दुसरी लाट. १७ एप्रिलला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक होती, तोवर सभा चालू होत्या, आणि त्याच सुमाराला प्रत्येक गल्लीत माणसं आजारी पडायला लागली. काकांना ताप आला, दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन खाली, बेड मिळवायला आम्ही सगळे फोनवर. दादाला मी खरं ते सांगितलं, लपवलं नाही. कंपनीच्या वकिलानं त्याला सांगितलं, शिक्का नाही, प्रवास करू नका. काका स्वतः फोनवर म्हणाले, तिकडंच ऱ्हा, पोरं लहान आहेत, इथं येऊन काय करणार. मावशी काही बोललीच नाही आणि मला वाटतं दादा त्या न बोलण्यावर निघाला.

तो आंधळेपणानं निघाला असं कुणी समजू नये कारण नंतर नातेवाइकांत हेच बोललं गेलं आणि ते ऐकून मला अजून राग येतो. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेनं नियम ढिला केला होता, त्याच प्रकारचा आधीचा व्हिसा संपून ४८ महिने झाले नसतील तर इंटरव्ह्यूशिवाय ड्रॉपबॉक्सनं, म्हणजे नुसते कागद आणि पासपोर्ट नेऊन देऊन, रिन्यू करता येत होतं. दादा त्यात बसत होता. त्यानं निघायच्या आधी डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, मुंबईची मे महिन्यातली ड्रॉपबॉक्सची तारीख घेतली, सगळी कागदपत्रं फोल्डरमध्ये घातली आणि मग तिकीट काढलं. त्या दिवशीच्या नियमांवर तो सहा-सात आठवड्यांत परत गेला असता. नियम नंतर बदलले.

मुंबईत उतरल्यावर पहिली हद्द आपलीच. महाराष्ट्रात ब्रेक द चेन चालू, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, आणि कर्नाटकात शिरायला कोगनोळीच्या चेकपोस्टवर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट. अमेरिकेतून निघताना केलेली टेस्ट प्रवासातच जुनी होणार म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं, विमानतळावरच परत टेस्ट कर, रिपोर्ट हातात आल्याशिवाय गाडीत बसू नको. त्यानं तसंच केलं आणि तरी कोगनोळीला लाईनीत दीड-दोन तास गेले. आपण हद्दीवर राहणारी माणसं, निपाणीचा माणूस कामाला कागलला आणि कोल्हापूरला जाणारा, आपल्याला नाक्यावर अडवून घ्यायची सवय आहे. पण कोगनोळीला निदान रिपोर्ट दाखवला की माणूस पुढं जातो, हे त्या रात्री वाटलं नव्हतं, पुढच्या सहा महिन्यांत रोज वाटलं.

दादानं काकांना हॉस्पिटलच्या काचेतून बघितलं, व्हिडिओ कॉलवर बोलला. २७ एप्रिलच्या रात्रीपासून कर्नाटकात लॉकडाऊन लागला. ३० एप्रिलला अमेरिकेच्या अध्यक्षांनी, बायडन यांनी, घोषणापत्र काढलं: आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या आणि अमेरिकन नागरिक नसलेल्या माणसाला ४ मेपासून प्रवेश नाही, अपवाद सोडून. शेवटची तारीख दिलेली नव्हती, रद्द होईपर्यंत लागू. मेच्या सुरुवातीलाच भारतातल्या नेहमीच्या व्हिसा अपॉइंटमेंट रद्द झाल्या, त्यात दादाची ड्रॉपबॉक्सची तारीख गेली. आणि त्याच आठवड्यात काका गेले.

त्या आठवड्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच की दिवसकार्याचं सामान कुठून आणायचं आणि व्हिसाच्या वेबसाइटवर काय आलंय ही दोन्ही कामं एकाच घरात, एकाच टेबलावर, एकाच माणसाला करायला लागत होती, आणि रडायला त्याला जागाच राहिली नाही असं मावशी अजून म्हणते.

सूट कुणाला, शिक्का कुणाकडं

आता प्रकरणाचा मुख्य भाग. घोषणापत्रातले अपवाद नीट वाचले तर त्यात ग्रीन कार्डवाले होते, नागरिकाचे किंवा ग्रीन कार्डवाल्याचे नवरा-बायको होते, आणि नागरिक मूल २१ वर्षांखालचं आणि अविवाहित असेल तर त्याचे आईवडील होते. धाकटा तीन वर्षांचा, अमेरिकन नागरिक. म्हणजे दादाला बंदी लागूच नव्हती. वकिलानंही तेच सांगितलं. घरात एका संध्याकाळपुरता जीव भांड्यात पडला, लोकांनी फोन करून अभिनंदन केलं, अरे तुला तर सूट आहे की, कधी निघतोस. पण सूट बंदीतून होती, व्हिसातून नाही. विमानात बसायला पासपोर्टवर शिक्का पाहिजे आणि शिक्का देणारी खिडकी बंद.

जुन्या बंदीशी तुलना केली तर अजून एक गोष्ट दिसते. जून २०२० मध्ये ट्रम्प यांच्या काळात एच-वन-बी, एच-फोर, एल (कंपनीतल्या बदलीचा) असल्या व्हिसांवर जी बंदी आली त्यात नागरिकाच्या नवरा-बायकोला आणि मुलाला अपवाद होता, नागरिक मुलाच्या आईवडिलांना नव्हता. २०२१ च्या बंदीत तो होता. म्हणजे कुटुंब तुटू नये असा विचार त्यात होता. मला ते मान्य आहे. पण तो विचार अपॉइंटमेंटच्या सिस्टीमपर्यंत पोचला नाही, आणि आमच्यासारख्या घराला त्याचा उपयोग शून्य झाला.

दुसऱ्या बाजूला निपाणीच्या काकू. वहिनी तिकडं दोन पोरं घेऊन एकट्या, नोकरी नाही, नवरा सात समुद्रापलीकडं, तर आईनं जाऊन राहावं हे कुणालाही सुचेल. काकूंचा व्हिसा २०२८ पर्यंत चालणारा, पासपोर्ट चालू, तब्येत ठीक, जायची तयारी इतकी की बॅग काढून बसल्या. पण आजी ही त्या अपवादांच्या यादीत नाही. नातू नागरिक असला तरी आजीला सूट नाही आणि मुलगी मोठी, लग्न झालेली आणि एच-फोरवर, म्हणून त्या नात्यानंही नाही. म्हणजे एकाच घरात ज्याला सूट त्याच्याकडं शिक्का नाही आणि जिच्याकडं शिक्का तिला सूट नाही. दोघांपैकी एक जरी पोचलं असतं तरी घर सावरलं असतं.

लोकांनी उपाय सुचवले. तिसऱ्या देशात १४ दिवस राहून जायचं, म्हणजे भारतात राहिल्याची अट लागत नाही. त्या उन्हाळ्यात बरेच लोक मेक्सिको, सर्बिया अशा देशांत जाऊन राहिले आणि तिथून अमेरिकेत गेले. पण तो मार्ग शिक्का असलेल्यांसाठी, दादाला त्याचा उपयोग नाही. काकूंना होता, पण साठी ओलांडलेली बाई, जिनं निपाणीबाहेर एकटीनं प्रवास केला तो एकदाच, तिला लाटेच्या काळात अनोळखी देशात दोन आठवडे एकटं ठेवायचं, खर्च करायचा, आजारी पडली तर कोण बघणार, घरात कुणीच तयार झालं नाही आणि ते बरोबरच होतं. वहिनींनीच पोरांना घेऊन इकडं यावं असंही एकदा बोलणं झालं. धाकट्याकडं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) होतं, तो येऊ शकत होता, पण वहिनींचा आणि थोरलीचा शिक्कासुद्धा संपलेला, म्हणजे आल्या असत्या तर चौघंही इकडं आणि घराचं भाडं, शाळा, गाडी सगळं तिकडं. म्हणून ठरलं की कुणीच हलायचं नाही.

मग तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती. त्यात कारण निवडायला लागतं आणि त्या वेळच्या कारणांत तातडीचे उपचार होते, अमेरिकेतल्या जवळच्या नातलगाचं आजारपण किंवा अंत्यविधी होता, विद्यार्थी होते, तातडीचं व्यावसायिक काम होतं. दादाचे वडील बेळगावात वारले. ते अमेरिकेत वारले असते तर कारण बसलं असतं, इथं वारले म्हणून बसत नव्हतं, आणि तिकडं अडकलेली बायको-पोरं हे कारण त्या यादीत सरळ कुठं नव्हतंच. आम्ही मुलाचा जन्मदाखला, त्याच्या अमेरिकन पासपोर्टची कॉपी, काकांचा मृत्यूदाखला, कंपनीचं पत्र सगळं लावलं, विनंती नाकारली गेली. परत टाकली, परत तेच. नकारात कारण लिहिलेलं नसायचं, आणि कारण कळलं नाही की माणूस स्वतःच्याच कागदांत चूक शोधत बसतो. रात्री एक-दोन वाजता दादा मला फोन करायचा, अरे स्पेलिंगमुळं असेल काय, कानडी दाखल्यावरचं बाबांचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव थोडं वेगळं आहे. तसलं काही नव्हतं.

जून ते ऑक्टोबर

१४ जूनला कर्नाटकातल्या बऱ्याच जिल्ह्यांत लॉकडाऊन ढिला झाला तेव्हा बेळगाव मागं ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत होतं. त्याच सुमाराला व्हिसाचं काम थोडं सुरू झालं पण पहिला नंबर विद्यार्थ्यांचा. १ ऑगस्टला किंवा त्यानंतर कोर्स सुरू होणाऱ्या विद्यार्थ्यांना बंदीतूनही सूट होती आणि त्या मोसमात भारतातून ५५,००० हून जास्त विद्यार्थ्यांना व्हिसा दिल्याचं दूतावासानंच सांगितलं. त्या पोरांबद्दल माझ्या मनात काही नाही, आपल्याच भागातल्या काहींचे फॉर्म मीच भरले, त्यांचं वर्ष वाया जाऊ नये हे बरोबरच. पण विद्यार्थ्यांनंतर कोण याची काही ओळ लावलेली नव्हती. नागरिक मुलाचा बाप, ज्याला खुद्द अध्यक्षांच्या कागदात सूट आहे, त्याला वेगळी रांग असायला पाहिजे होती असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पैशाची बाजू. सुरुवातीला कंपनीनं इथून काम करायला दिलं. शहापुरातल्या वरच्या खोलीत टेबल लावून संध्याकाळी बसायचा तो पहाटेपर्यंत. पण त्याच्या क्लायंटचा डेटा अमेरिकेबाहेरून उघडायला परवानगी नव्हती, म्हणून त्याला आतलं किरकोळ काम देत राहिले आणि जुलैपासून बिनपगारी रजा. म्हणजे जुलैमध्ये दादाचा पगार बंद, वहिनींचं परमिट पेंडिंग, न्यू जर्सीचं भाडं चालू, इकडं हॉस्पिटलचं बिल फेडायचं. रजेपेक्षा मोठी भीती ही की कंपनीनं काढूनच टाकलं तर एच-वन-बी गेला, आणि त्याच्याबरोबर तिकडं बसलेल्या वहिनी आणि थोरलीचं एच-फोरसुद्धा गेलं. बेळगावात बसलेल्या माणसाच्या नोकरीवर न्यू जर्सीतल्या बायकोचं राहणं अवलंबून, आणि ती नोकरी एका बंद खिडकीवर. मॅनेजर चांगला माणूस निघाला, त्यानं नाव कापलं नाही. पण हे नशीब झालं, सगळ्यांना तसा मॅनेजर मिळत नाही.

एक चांगली गोष्ट झाली. १७ मेपासून एच-फोर वाढवणाऱ्यांची बायोमेट्रिक्सची अट अमेरिकेनं स्थगित केली, ढिगारा हलला, वहिनींचे कागद पुढं सरकले आणि ऑगस्टमध्ये त्या परत कामाला लागल्या. पण मग पोरांना कोण बघणार, डे-केअरचा खर्च पगाराच्या निम्म्याच्या वर. शेजारच्या एका गुजराती बाईंनी धाकट्याला सांभाळलं. थोरली सहा वर्षांची, व्हिडिओ कॉलवर ती दादाला रोज तारीख विचारायची, मग विचारायची बंद झाली. दादाला सगळ्यात जास्त ते लागलं.

इकडं दादानं एक काम हातात घेतलं, वारसाचं. काकांच्या नावावर थोडी शेती होती, तिची वंशावळ काढायची, नाडकचेरीत (कर्नाटकातलं महसुलाचं ऑफिस) अर्ज द्यायचा, तलाठ्याकडं जायचं, सगळे फॉर्म कानडीत, दादाला कानडी बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, म्हणून बरोबर मी. मला वाटतं त्या कामानं त्याला सावरलं, निदान दिवसा बाहेर पडायला कारण होतं.

तारखेसाठी रोज वेबसाइट बघायची. जास्त वेळा लॉगिन केलं की अकाउंट लॉक व्हायचं, मग वाट बघायची. टेलिग्रामवर ग्रुप होते, कुणाला स्लॉट दिसला की मेसेज पडायचा आणि पोचेपर्यंत संपलेला असायचा. याच ग्रुपांवर पैसे घेऊन स्लॉट काढून देणारे होते, पासवर्ड मागायचे. मी दादाला त्यांच्याकडं जाऊ दिलं नाही आणि कुणालाच जाऊ देत नाही, पासपोर्ट, जन्मतारीख, डीएस-१६० सगळं त्या अनोळखी माणसाच्या हातात जातं आणि उद्या त्यानं काही खोटं भरलं तर उत्तर तुम्हाला द्यायला लागतं. सप्टेंबरमध्ये एका पहाटे चेन्नईची ड्रॉपबॉक्सची तारीख मिळाली. मुंबई आपल्याला जवळ, ५०० किलोमीटर, पण तेव्हा कोण बघतंय. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरू, तिथून चेन्नई, कागद देऊन परत. ऑक्टोबरच्या मध्याला पासपोर्ट शिक्क्यासकट आला. महिनाअखेरीस दादा गेला, न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं धाकट्याचा जन्मदाखला बघितला, दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. सहा महिने ज्या कागदानं काही झालं नाही त्यानं तिथं दोन मिनिटांत काम झालं.

भारतावरची बंदी ८ नोव्हेंबर २०२१ ला उठली, तिच्या जागी लसीची अट आली. म्हणजे दादा बंदी असतानाच गेला, आणि ज्यांना बंदीतून सूट नव्हती त्या काकू बंदी उठल्यावर. काकूंनी निपाणीत कोव्हॅक्सिन घेतलेली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबरला, पाच दिवस आधी. ती मिळाली नसती तर व्हिसा असून, बंदी उठून, दोन डोस घेऊनसुद्धा काकू परत अडकल्या असत्या. त्या नोव्हेंबरच्या शेवटी गेल्या.

या प्रकरणातून जे आता लोकांना सांगतो

हे जुनं प्रकरण झालं असं म्हणून सोडून देता येत नाही, म्हणून तर लिहितोय. २ सप्टेंबर २०२५ पासून इंटरव्ह्यूतून मिळणारी सूट जवळपास संपली, एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांना, लहान मुलांनासुद्धा, समोर जाऊन इंटरव्ह्यू. त्याच महिन्यात सांगितलं गेलं की अर्ज आपल्या देशात किंवा जिथं राहता तिथंच करायचा, म्हणजे तिसऱ्या देशात जाऊन शिक्का आणायचा मार्ग आटला. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या अर्जदारांचं सोशल मीडिया तपासणं सुरू झालं आणि भारतातल्या डिसेंबरच्या मुलाखती उचलून मार्च २०२६ आणि त्याच्या पुढं टाकल्या. डिसेंबर म्हणजे आपल्याकडं लग्नाचा मोसम, त्यासाठी येणारी माणसं अडकली. भारतीयांवर प्रवेशबंदी म्हणून काही नव्हतं, तरी नोकरीवरची माणसं महिनोन् महिने परत जाऊ शकली नाहीत. माझं म्हणणं आहे ते हेच.

म्हणून कुणी आलं की मी पहिल्यांदा शिक्क्याची तारीख विचारतो, आणि ती विमानाचं तिकीट काढायच्या आधी. संपलेली असेल तर कंपनीकडून लेखी घ्या की किती आठवडे भारतातून काम करता येईल आणि त्यानंतर काय. नागरिक मुलाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट यांची कॉपी जवळ ठेवा. भारतात अडकलेला प्रत्येक दिवस तिकीट आणि पासपोर्टच्या शिक्क्यांसकट जपून ठेवा, एच-वन-बीची सहा वर्षं मोजताना बाहेर राहिलेले दिवस परत मागता येतात, दादानं ते केलं. आईवडील आजारी असतील तर जाऊ नका असं मात्र मी कुणालाही सांगत नाही आणि सांगणार नाही. दादाला मी नंतर एकदा विचारलं, शिक्क्याचं हे सगळं होणार हे माहीत असतं तर आला असतास काय, तो म्हणाला हो आणि विषय बदलला.

आणि शेवटचं, जे बरेच जण विसरतात. इकडं जमीन, बँक, वारसाची कामं अर्धवट असतील तर वटमुखत्यारपत्र इथं असतानाच करा. परदेशातून करायचं म्हटलं की तिकडं नोटरी, कॉन्सुलेटचं अटेस्टेशन, आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायला लागते, त्यात कुठंतरी तारीख चुकते आणि परत पहिल्यापासून. दादानं जायच्या आधी बेळगावच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात माझ्या नावानं ते नोंदवून दिलं, म्हणून २०२२ मध्ये उताऱ्यावर मावशीचं नाव चढवताना त्याला परत यावं लागलं नाही.